लक्ष्मीपूजनातला तांब्याचा सेंट

कुमुदिनी वासुदेव आठल्ये, तुझे पूर्ण नाव मी विवाहनोंदणीच्या कागदानंतर प्रथमच लिहीत आहे. तुला जाऊन नऊ वर्षे झाली. मुलीकडे ईडन प्रेरीला राहायला जाण्यासाठी इथले, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातले आपले अपार्टमेंट आज मी सोडतो आहे, आणि त्याआधी तुला एक गोष्ट विचारायची आहे. ती नीट मांडता येईल की नाही, याविषयी मी साशंक आहे.

त्या दिवाळीला तू ताम्हन, पळी, पंचपात्र चिंच-मिठाने घासलेस आणि त्यांच्यासोबत माझ्या नाणेसंग्रहाच्या खणातला तांब्याचा सेंटही. अमेरिकेने अगदी आरंभी पाडलेल्या मोठ्या सेंटांपैकी तो एक. इतक्या वर्षांत त्यावर चढलेला तपकिरी रंग हेच त्याचे मोल, आणि तो रंग सिंकमधून वाहून गेलेला. पाटावर नाणे गुलाबी होऊन चमकते आहे, तू त्याला हळदकुंकू वाहते आहेस.

"हे काय केलंस?"

"अहो, काळं नाणं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं?"

"काळं नाही ते! तो त्याचा रंग आहे!"

"काळंच आवडतं, तर बायको कशाला गोरी पाहिलीत?"

मी हसलो नाही. पूजेतून नाणे उचलले आणि चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. पुढे मात्र इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणात हा किस्सा मी सांगत राहिलो. "हिनं दोनशे वर्षं पंधरा मिनिटांत धुतली!" सगळे हसत. वाढता वाढता तूही हसायचीस.

मागच्या शनिवारी एक वृद्ध अमेरिकन जाणकार संग्रह पारखायला आला. नाण्यांवरच्या स्वातंत्र्यदेवीच्या बटा त्याने भिंगाखाली एकेक करून पाहिल्या आणि दोन नाणी बाजूला काढली. एक तुझे. दुसरे, ज्याला मी तुला कधी बोटही लावू दिले नव्हते, ते. "हेही घासलेलं आहे, फार पूर्वी. नंतर वरून रंग दिलाय. तुम्हाला दिसलं नाही?" मला दिसले नव्हते. वीस वर्षे मी ते अभिमानाने दाखवत होतो. मग तुझे नाणे पुन्हा हाती घेऊन तो म्हणाला, "हे ज्यांनी केलं, त्यांनी निदान लपवलं तरी नाही."

तेव्हापासून मी नेमका कशासाठी रागावलो होतो, हे मला सांगता येत नाही. नाण्यासाठी म्हणावे, तर मला नाणे कळतच नव्हते. आणि तू का हसायचीस? मला क्षमा केली होतीस म्हणून, की चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून? मुलीला लाँग डिस्टन्स फोन करून विचारले. "बाबा, शी हेटेड दॅट स्टोरी," ती म्हणाली. थोडी थांबली. "आय थिंक." तिच्या त्या थांबण्यापाशी मी अजून उभा आहे.

संग्रह जाणकाराला दिला. तुझे नाणे का ठेवून घेतले, तेही ठाऊक नाही. हे पत्र पाठवता आले असते, तरी मी पाठवले नसते. कारण खरे सांगायचे तर, ती दिवाळी पुन्हा आली तर मी पुन्हा रागावेन. किस्सा मात्र सांगणार नाही, इतकेच वचन देता येते.

या शेवटच्या ओळी गाडीत बसून लिहितो आहे. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या, माझी आणि तुझीही, मॅनेजरकडे परत केल्या.