तीन हिरवे दिवे

अण्णा,

आज मी एका पोराच्या हातावर फटका मारला. पोरगा म्हणजे काय, चांगला मिशीवाला बाप्या आहे, लग्न ठरलंय त्याचं. मी वैमानिकांना शिकवतो तिथे विमानाचं नुसतं डोकं कापून खोलीत बसवावं तसं एक यंत्र आहे. आत शिरलं की खरं विमान, बाहेर पडलं की लोखंडी पाय आणि सिमेंटची जमीन. त्यात बसून हा उतरण्याआधीची तपासणी करत होता. शेजारचा एकेक नाव वाचतो, ह्याने ती वस्तू डोळ्यांनी बघायची आणि उत्तर द्यायचं. चाकांचं नाव आलं आणि हा गाढव समोर न बघता धडाधड म्हणून मोकळा झाला की चाकं खाली, तिन्ही दिवे हिरवे, एकेका चाकाचा एक. तिन्ही कुठले? एक मी मुद्दाम बंद ठेवला होता. माझा हात कधी गेला ते मला कळलं नाही. सट्कन आवाज झाला आणि तोंडातून मराठी शब्द निघाले, ते त्या मद्राशी पोराला कळलेही नाहीत. आता ऑफिसने माझ्याकडून माफीनामा मागितलाय. तो लिहायला बसलो आणि निघालं हे. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, एकाच फटक्यात सोडलंस?

तुमची फटक्यांची सुरुवात सकाळीच व्हायची. काशीच्या पंचगंगा घाटावर आंघोळ करून, त्या उभ्या पायऱ्या चढून तुम्ही दूधविनायकाच्या आपल्या गल्लीत शिरलात की गल्लीतली पोरं आपोआप भिंतीला चिकटायची. घरात शिकायला आलेले विद्यार्थी ओळीने बसलेले, त्यात मी. आख्ख्या काशीत तुमच्या कानाचा दरारा होता. शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचा तो घनपाठ तुम्ही तासन्‌तास म्हणायचात आणि समोर पुस्तक कधी नसायचं. पुस्तक बघून म्हणणारा ब्राह्मण तुमच्या लेखी भिकाऱ्याच्या खालचा. स्वर शिकवताना तुम्ही डोकं हातात धरायचात, स्वर खाली तर डोकं खाली, स्वर वर तर डोकं वर. बाकीच्यांची डोकी तुम्ही हलवायचात, माझं आपटायचात. चुकलं की मानेवर चापट, पुन्हा चुकलं की मांडीला चिमटा, तोही पिळून. त्या पोरांना आईबाप होते, उद्या कुणी दारात येऊन जाब विचारला असता. मी घरचा, तुमचाच मुलगा, मला मारायला तुम्हाला कुणाची भीती नव्हती.

मामाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना आपल्याकडे आणून टाकला. बँकेतला माणूस, त्याला वाटलं भाचा कॉलेजात जातो, काहीतरी शिकेल. हमालाने डोक्यावरून आणलेलं ते धूड मधल्या खोलीत बसलं, तुमच्या होमाच्या खोलीला लागून. मामाने त्यात विमान चालवायचा खेळ घालून दिला होता, पण खेळ म्हणायला नको, मोठं प्रवासी विमान होतं ते, आणि ते उडवायला खऱ्या वैमानिकासारखंच शिकावं लागायचं. माझं विमान मात्र पडायचं. विमान वळवायचा तो हातातला दांडा कितीही सरळ धरा, ते डावीकडे कलायचं, नाक खाली घालायचं आणि धाडकन आपटायचं. मी वेडा झालो होतो. आधी वाटलं गल्लीत पाण्याच्या मोटरी लागल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून मोटरी बंद व्हायची वाट बघितली. स्टॅबिलायझर लावला. दांड्याची सेटिंगं परत परत केली. शेवटी एके दुपारी दांडाच खोलला, तर आत ज्या बारीक पट्ट्यांवरून दांड्याची हालचाल कॉम्प्युटरला कळते, त्यांच्यावर काळा चिकट थर. तुमच्या होमाची काजळी, अण्णा, आणि तूप. आईकडून वातीचा कापूस मागून घेतला, मामाच्या स्कूटरमधलं थोडं पेट्रोल घेतलं आणि पुसून काढलं. त्या दिवशी विमान पहिल्यांदा नाकासमोर सरळ गेलं. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला ओरडून सांगितलं, इतके दिवस अण्णांच्या होमानेच विमान पडत होतं.

तुम्ही दारात होतात. माझ्या अग्नीला नावं ठेवतोस, एवढं म्हणालात आणि समिधांची मोळी उचललीत. पळसाची काडी पाठीवर मोडते तेव्हा फार लागत नाही, मोडलेल्या टोकाने लागतं. एक मोडली की दुसरी, दुसरी मोडली की तिसरी. संध्याकाळच्या होमाला पुरल्या असत्या एवढ्या समिधा तुम्ही माझ्यावर मोडल्यात. आई मध्ये पडली, तिच्या हातालाही एक बसली. मी रडलो नाही. मी त्या वेळी ठरवलं की ह्या घरातून बाहेर पडायचं, आणि बाहेर पडायचा रस्ता ह्या विमानातूनच आहे. मामाने जाहिरात आणून दाखवली होती, एक कंपनी पोरांना निवडून वैमानिक करणार होती आणि निवडीच्या शेवटच्या फेरीत दिल्लीला यंत्रात बसवून बघणार होती.

मग तो रविवार. मामा कागदावरून नावं वाचतोय आणि मी दुसऱ्या कागदावर बघून उत्तरं देतोय. फ्लॅप्स, सेट. गिअर, डाउन, थ्री ग्रीन. गिअर म्हणजे चाकं. तुम्ही जेवून हात पुसत आलात आणि उभेच राहिलात. हे काय म्हणताय म्हणून विचारलंत. मामाने घाबरत घाबरत सांगितलं की विमान उतरण्याआधी एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं असतं, त्यात फरक करायचा नाही. पुन्हा म्हणा, म्हणालात, आणि डोळे मिटलेत. आम्ही पुन्हा म्हटलं. मग तुम्ही विचारलंत की कागद कशाला, ह्याला येत नाही का? मामा म्हणाला, येत असलं तरी तिथे बघूनच म्हणायचा नियम आहे. तुम्ही हसलात. मी तुम्हाला मामाशी हसताना कधी बघितलं नव्हतं. मग दोन्ही कागद आमच्या हातातून ओढून घेतलेत आणि आत जाऊन अग्नीत टाकलेत.

त्यानंतर रोज दुपारी तुम्ही माझ्या मागे बसायला लागलात. इंग्रजीचं एक अक्षर तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मामाकडून एकदा ऐकून तुम्ही सगळं मुखोद्गत केलं होतंत. विचारणारे तुम्ही, सांगणारा मी. फ्लॅप्स खालच्या स्वरात, गिअर वरच्या. हाताच्या मुठीत माझी शेंडी. अडखळलो की कपाळ टेबलावर. एकदा भुवईच फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, आणि समोर पडद्यावर विमान धावपट्टी सोडून शेतात जाऊन आदळलं. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुमचे डोळे मिटलेले असायचे, पाठ शुद्ध आला म्हणजे झालं. मला ह्या सगळ्याची चीड यायची आणि तरीही जेवण झालं की मी तुमच्या पावलांची वाट बघायचो. माझ्या कुठल्याही गोष्टीत तुम्ही माझ्याशेजारी कधी बसला नव्हतात. दिल्लीला जायची वेळ आली तेव्हा आईला वाटलं तुम्ही पाय मोडून ठेवाल. तुम्ही म्हणालात, पाठ पक्का आहे, जाऊ दे त्याला.

दिल्लीला मला कागद दिला होता. मी तो बाजूला ठेवला. माझ्या शेजारी एक पांढऱ्या केसांचा कप्तान बसला होता, तो विचारत होता आणि मी सांगत होतो. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही. गिअर, म्हणाला. डाउन, थ्री ग्रीन, म्हणालो, आणि मनातल्या मनात तुम्हाला ऐकवलं. त्याने यंत्र थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेटा, तीन बोला तुमने. अब गिनो." मी समोर बघितलं. दोनच लागले होते. एक चाक वरच अडकलं होतं. तो रागावला नाही, ओरडला नाही, मला मारलं तर मुळीच नाही. नुसतं दार उघडून धरलं. मला त्याचा इतका राग आला की वाटलं ह्याने दोन लगावायला हव्या होत्या.

घरी आलो. तुम्ही मधल्या खोलीतच बसला होतात. मी नापास झालो म्हटल्यावर तुम्ही आधी सगळा पाठ म्हणायला लावलात. मी म्हटला. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही. तुम्ही चक्रावलात. मग काय झालं, विचारलंत. मी सांगितलं की दिवे दोनच लागले होते आणि मी तीन म्हणालो. त्यावर तुम्ही जे बोललात ते आजही आठवलं की माझ्या कानशिलात आग उठते. तुम्ही म्हणालात, "पाठात तीन आहे, तर तीनच म्हणणार."

मी म्हणालो, "अण्णा, त्यात माणसं बसलेली असतात. तुमच्या पाठाने मेली असती सगळी."

तुम्ही मारलंत. मी दुसऱ्या वेळी तुमचं मनगट धरलं आणि पिळलं. तुम्ही डाव्या हाताने मारलंत, मी तुम्हाला भिंतीवर लोटलं. बाप आणि मुलगा, दोघांचीही धोतरं सुटलेली, एकमेकांचे गळे धरून त्या मधल्या खोलीत आम्ही लोळत होतो. तुम्ही माझ्या खांद्याला चावलात, मी तुमच्या बरगडीत कोपर घातलं. टेबल कलंडलं, कॉम्प्युटरचा तो जाडजूड पडदा खाली आला आणि बार उडाल्यासारखा फुटला. तुमच्या तळपायात काच शिरली. तरी आम्ही सोडेना. शेवटी आईने पाण्याची कळशी आणून आमच्या दोघांच्या अंगावर ओतली, कुत्री सोडवायला ओततात तशी. म्हणाली, "आता मारा. ओल्याने मारा." आणि रिकामी कळशी ठेवून छतावर निघून गेली.

पाय पिकला तुमचा. कित्येक दिवस तुम्हाला घाटावर जाता आलं नाही. माझ्याशी तुम्ही बोलत नव्हतात आणि मीही मिजाशीत होतो. पण मामा भेटायला आला तेव्हा मी दाराआड होतो. तुम्ही त्याला हळूच विचारलंत की ते तीन दिवे नेमके कुठे असतात, समोर की वर? मामाने हाताने जागा दाखवली असणार, कारण तुम्ही हं म्हणालात. पुढच्या वर्षी मी पुन्हा निवडीला बसलो, पास झालो आणि घरातून निघालो. तुम्ही आशीर्वाद दिलात, नेहमीचा, सगळ्यांना द्यायचात तोच. एवढं सगळं पाठ असलेल्या माणसाला मला सांगायला एक शब्द सुचला नाही, हे मी बरीच वर्षं मनात धरून ठेवलं.

आणि मग तुम्ही आजारी पडलात. अर्धं अंग गेलं, पाठोपाठ पाठही गेला. तुमच्या तोंडून ऋचा तुटक तुटक यायच्या, एकीचं शेपूट दुसरीला. विद्यार्थी येऊन बसायचे आणि रडत जायचे. मी सुट्टीवर आलो होतो. तुम्ही मला ओळखलं नव्हतंत, आईला विचारलंत हा कोण. दुपार होती, आई खाली गेलेली, मी तुमच्या खाटेशी बसून डुलक्या घेतोय. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, गिअर. अगदी त्याच वरच्या स्वरात, जराही न घसरता.

मी सवयीने म्हणून गेलो, डाउन, थ्री ग्रीन.

तुमचा चांगला हात उठला आणि माझ्या मनगटावर पडला. त्यात जोर कसला, माशी उडवावी एवढा. पण मारायलाच उठला होता, तुमचे दात आवळलेले मला दिसले. "बघून सांग," म्हणालात.

तिथे बघायला काय होतं, अण्णा? वर पंखा होता, बत्ती गेल्यामुळे बंद. कोनाड्यात पंचपात्र. तुम्ही डोळे सताड उघडे ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होतात, ज्या माणसाने पाठ घेताना आयुष्यात डोळे उघडले नाहीत तो. मी सगळी खोली बघितली, मग तुमच्याकडे बघितलं आणि म्हणालो, दोनच आहेत, अण्णा. तुम्ही मान हलवलीत आणि कुशीवर वळलात. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तुम्हाला घाटावर नेलं.

आज त्या मद्राशी पोराला फटका मारून मी तेच दोन शब्द बोललो. ह्यावरून तुम्ही असं समजू नका की मी बाकीचं सगळं विसरलो. भुवईवरची खूण अजून आहे, तिथे केस येत नाहीत. शेवटच्या एका फटक्याने आधीचे फिटत नाहीत, निदान माझ्याकडे तरी नाहीत. मी माझ्या मुलीला कधी बोट लावलं नाही आणि त्याचं श्रेय तुम्हाला देणार नाही. माफीनामाही लिहीन, पुन्हा होणार नाही म्हणून सही करीन, कारण मारणं वाईटच, त्या पोराचा काय दोष. हे पत्र मात्र इथेच ड्रॉवरमध्ये पडून राहील. गंगेत सोडावं तर काशी लांब, आणि वाचून दाखवावं तर तुम्हाला बघून वाचलेलं चालायचं नाही.

एकच सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुमचा हात माझ्या मनगटावर पडला, तेव्हा मी माझा हात मागे घेतला नाही. तुम्ही कुशीवर वळलात तरी तो खाटेच्या कडेला तसाच ठेवून बसलो होतो, आई वर येईपर्यंत. अजून एक माराल म्हणून.