मुक्ता सरांपुढे बोलली

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. टेस्ट झाली की क्लासवाले मार्कांवरून बॅच बदलतात. आज सर म्हणाले, "मॅडम, भाची तुमची हुशार हाय, पण भित्री. कुणात मिसळत न्हाई. खालच्या बॅचला टाकतो."

हुशार, आणि खालच्या बॅचला?

मी तोंड उघडणार, तोच मुक्ता ओढणीचं टोक मुठीत आवळून म्हणाली, "सर, मेंदूच्या पेशींना ऊर्जा कमी पडली की भीती वाढू शकते, माणसं नकोशी होतात. ती ऊर्जा बनवणारं मायटोकॉन्ड्रिया तुम्हीच शिकवलं. पहाटेच्या टेस्टपायी झोपच होत नाही, मग ऊर्जा कुठून येणार?"

सरांनी बॅचची यादी पुन्हा उघडली. मला बोलायची गरजच पडली नाही! त्र्याण्णवच्या भूकंपातही माझं तोंड बंद पडलं नव्हतं.

बॅच तीच राहिली.

ऑटोत म्हणाली, "मावशी, लई भ्याव वाटलं."

"तुझ्यापेक्षा सर जास्त भ्याले," मी म्हटलं, तेव्हा कुठे हसली.