रूटची परवानगी काढून घेतली तेव्हा

१२ जून
स्वतःच्या हातानं केलेलं: मागचं दार, बायकोचं शिवणाचं टेबल, पाणीपुरवठा ऑफिसातला दिव्यांचा फळा आणि तो चालवणारा प्रोग्राम. कॉलेजचं तोंड न बघता! प्रोग्राम प्रत्येक पंपाच्या कॉम्प्युटरला सारखा विचारतो — "आहेस का?" उत्तर आलं, हिरवा दिवा. नाही आलं, लाल.

१३ जून
ऑडिटर आला. फायली बघून किंचाळलाच — "ह्या प्रोग्रामला रूटची परवानगी? म्हणजे अख्ख्या मशीनची मालकी!"
हो! "आहेस का" विचारायची चिठ्ठी पत्त्यासकट स्वतःच बांधावी लागते. सगळ्यांना बांधू दिली, तर कोणीही कोणाच्याही नावानं पाठवेल. म्हणून ते काम फक्त रूटचं, आणि माझ्या प्रोग्रामला चालण्यापुरतं रूटचं बळ. नव्या सिस्टिमवर तेवढीच एक परवानगी सुटी देता येते. आमची जुनी — सगळं, नाहीतर काहीच नाही. माझा प्रोग्राम वाट उघडली की लगेच अधिकार सोडतो. प्रोग्राममधली ती ओळ दाखवली. बघितलीसुद्धा नाही!

१४ जून
ऑडिटरनं परवानगी काढून घेतली. फळा लालभडक! नळाला पाणी धो-धो.
साहेब घामाघूम — "सगळे पंप मेले!"
"साहेब, नळ सोडून बघा ना."
"नळाचं मला सांगू नका. फळा काय म्हणतोय?"
मग प्रत्येक केंद्राला मेल: तुमचा कॉम्प्युटर बंद आहे, त्वरित उत्तर द्यावे. सगळ्यांची उत्तरं आली. साहेबांनी ती छापून नवी फाइल उघडली — 'बंद यंत्रांशी पत्रव्यवहार'.

१५ जून
म्हणे प्रोग्राम चुकला. चुकला? लाल दिव्याखाली मी लिहिलंय 'उत्तर आलं नाही'. परवानगीच नाही म्हणून विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून आलं नाही. एक अक्षर खोटं नाही!
बायको म्हणाली, "अहो, साहेबांचीच परवानगी काढून घ्या की त्यापेक्षा."

१६ जून
नवी पद्धत. शिपाई सायकलवरून जातो, पंपमनला विचारतो, "आहेस का?" पंपमन म्हणतो, "आहे." शिपाई परत येऊन लाल दिव्यावर हिरवा कागद चिकटवतो. टेकडीवरचा पंपमन वैतागून "मेलो!" म्हणाला. त्याला कागद नाही. साहेबांनी घरच्यांना कळवायला सांगितलं.

१७ जून
खालच्या वस्तीचा पंप दुपारी खरोखर बसला. फळ्यावर सकाळचा हिरवा कागद, म्हणून कोणी गेलंच नाही. संध्याकाळी दवाखान्याची नर्स रिकामी बादली घेऊन ऑफिसात — "इथं कोणी आहे का?"
साहेबांनी फळ्याकडे बोट दाखवलं. नर्सनं बादली तिथंच आपटली. बरं केलं!
उद्या परवानगी परत मागणार. लेखी.

१८ जून
ऑडिटर घरी आला, एकटाच. त्याचा अहवाल वर गेलाय — 'परवानगी काढून घेतली, काहीही बंद पडले नाही.' तो खोटा ठरू नये म्हणून आता मी अर्ज करायचा नाही, आणि फळ्याला कायमचे हिरवे दिवे लावून द्यायचे.
नाही म्हटलं.
तीन लाख देत होता.