अर्ध्या ब्लेडनं कोरलेला अर्ज

अप्पा, आमच्या कॉलेजात सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. फॉर्म-बिर्म आता काही उरलं नाही. पोरं मोबाइलवर बोट फिरवतात, कागदांचे फोटो चढवतात आणि घरी जातात. कुणी अडलं की माझ्याकडं येतं, मी भरून देते. काल चाकूरकडची एक बाई लेकीला घेऊन आली होती, कॉम्प्युटर सायन्सला घालायची म्हणून. मी भराभर माहिती भरत होते तर ती म्हणाली, "मॅडम, तुमी बोटांकडं बघतच न्हाई की!" मी हसले, म्हणाले, आमच्या अप्पांचा टायपिंगचा क्लास होता. पुढं बरंच बोलायचं होतं, पण मागं रांग होती. ते राहिलेलं आता तुम्हालाच सांगते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होतील, तुम्हाला आता कुठं घाई आहे.

तुम्ही रेणापूरहून दोन मशीन आणि एक स्टूल बैलगाडीत घालून लातूरला आलात ते जिल्हा नवा झाला त्या वर्षी. मी तेव्हा पाळण्यात होते, पण तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ती गाडी मीच हाकली असं वाटतं. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि कार्यालय म्हटलं की टायपिस्ट आलाच. दोनाची सहा मशीन झाली, सहाची अकरा. सकाळी सातपासून घरात नुसता कडकडाट. माझा अभ्यास, आईची पूजा, आल्यागेल्याचं बोलणं, सगळं त्या आवाजातच व्हायचं. तुम्ही कपाळावर भस्माची तीन बोटं ओढून दारात उभे राहायचात आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला लावायचात. मळक्या हातानं मशीनला शिवलेलं तुम्हाला खपायचं नाही. कलेक्टर कचेरीत जा, कोर्टात जा, झेडपीत जा, कुणीतरी खुर्चीतून उठून "या सर" म्हणायचंच. "ह्यो जिल्हा माझ्या मशीनवर उभा राहिलाय," असं तुम्ही म्हणालात की आई आतून ओरडायची, "हाव, अन् तुमचं जेवण कुणाच्या चुलीवर शिजून राहिलं होतं?" मग तुम्ही गालात हसायचात.

माझी बारावी झाली ते साल कोरडं होतं. नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी येत होतं. हात धुण्याचा नियम तुम्ही मोडला नाहीत, पण तांब्याच्या जागी दाराशी ओलं फडकं आलं. खेड्यांवरून येणारी पोरं कमी झाली, चार मशीनवर दिवसभर कापडी खोळ असायची. त्याऐवजी गावोगावचे सरपंच यायला लागले, टँकर मागणीचे अर्ज टाइप करून घ्यायला. तुम्ही ते फुकटात करून द्यायचात. एक जण म्हणाला, आमच्या गुरुजींनी हातानं लिहून दिलाय की, तोच देतो. तुम्ही त्याच्या हातातून तो कागद काढून घेतलात. "पाटील, हातानं लिहिलेली दरखास्त साहेब टेबलावर ठेवतो. टाइप केलेली वाचतो." आणि खरंच त्या गावाला आठ दिवसांत टँकर लागला. तेव्हापासून तर तुम्ही कुणाचं ऐकेनासेच झालात.

मला नांदेडला विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सची पदवी करायची होती. दुसरं काही नको होतं. लातूरच्या पोरांचा तो काळ सगळा डॉक्टर-इंजिनियरचा, मी मात्र एका मैत्रिणीच्या भावाकडं कॉम्प्युटर बघितला आणि माझं डोकंच फिरलं. तुम्हाला सांगायला मला आठवडा लागला. कारण शहरात दोन ठिकाणी कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि तुमची पोरं तिकडं चालली होती, हे मला कळत होतं. काका गंजबाजारातून मुद्दाम आले, तुम्हाला समजवायला. म्हणाले, "आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊन राहिलास? ह्याच कॉम्प्युटरनं तुझं दुकान बंद होणार, अन् तूच पोरीला ते शिकायला पाठवतूस?" मी दाराआड उभी. तुम्ही रिबीन बदलत होतात, मान वर न करता म्हणालात, "बंद व्हायचंच हाय तर घरच्यानं केलेलं बरं." काका चहा न पिताच गेले. मी आत जाऊन आईला मिठी मारली, तुमच्याजवळ यायचं धाडस झालं नाही.

फॉर्म पोस्टानं मागवला होता, सोबत माहितीपुस्तिका. पुस्तिका मी पळवली आणि त्यातली विषयांची यादी तेवढी दहा वेळा वाचली. फॉर्म तुम्ही घेतलात. दुपारी क्लास रिकामा झाल्यावर तुम्ही साबणानं हात धुतलेत, फडक्यानं पुसले नाहीत, चक्क पाण्यानं धुतलेत, आई बघतच राहिली. मग सगळ्यात चांगल्या मशीनला नवी रिबीन घातलीत आणि फॉर्म रोलरवर चढवलात. छापील टिंबांच्या रेघेवर अक्षर बरोबर बसावं म्हणून रोलर केसभर पुढं, केसभर मागं. चार पानं. नाव, गाव, गुण, सगळं. एक चूक नाही, एक अक्षर वरखाली नाही. मी शेजारी उभी राहून तुम्ही मागाल ती माहिती सांगत होते. शेवटचं पान काढून तुम्ही उजेडाला धरलंत आणि म्हणालात, "बघ आता. हे बघून कोण नको म्हणंल तुला?" तुम्ही मला शाळेच्या निकालालाही कधी एवढं बोलला नव्हतात. खूप बरं वाटलं हो अप्पा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आपण नांदेडला गेलो. आधीच जायला हवं होतं, पण तुमचे टँकरचे अर्ज संपेनात. खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या आहेत. त्या फॉर्म घेतात, पहिलं पान बघतात, दुसरं उलटतात आणि विचारतात, "हे कुणी टाइप केलं?" तुम्ही मला बाजूला सारून पुढं झालात. "म्या केलं," म्हणालात, छाती काढून. तुम्हाला वाटलं, कौतुक येतंय. त्या म्हणाल्या, "चालणार नाही. फॉर्म उमेदवाराच्या हस्ताक्षरात पाहिजे. पुस्तिकेत शेवटच्या पानावर लिहिलंय." मी पुस्तिका उघडली. लिहिलं होतं. ती पुस्तिका तीन आठवडे माझ्या उशाशी होती. नवा फॉर्म मागितला तर विक्री कालच बंद झालेली, आणि जमा करायची वेळ आज पाचपर्यंत. तुम्ही खिडकीतून आत वाकून एकेका टेबलावरचा चेहरा न्याहाळलात. मला कळलं तुम्ही काय शोधताय. मग त्या बाईंनाच विचारलंत, "मॅडम, आपण टायपिंग कुठं शिकलात?" "परभणीला," त्या म्हणाल्या आणि मागच्या पोराचा फॉर्म घेतला.

मग माझं तोंड सुटलं. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती तरी मला शुद्ध नव्हती. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला टाइप करायला? सगळं जग तुमच्या मशीनवर चालतं असं वाटतं तुम्हाला! ते दिवस गेले अप्पा, गेले!" एवढं बोलून मी रडायला लागले. मी तोंडाळ आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तुम्ही कौतुकानं सांगायचात सुद्धा, आमची लेक म्हणजे तिखट मिरची. पण त्या दिवशी तुमचा चेहरा असा झाला की एरवी मी जागीच थांबले असते. तुम्ही रागावला नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून एवढंच म्हणालात, "पाच वाजायला अडीच तास हायत. चल."

फाटकाबाहेरच्या टपरीवरून तुम्ही एक ब्लेड घेतलंत. कागदात गुंडाळून उभं मोडून त्याचं अर्धं केलंत. आपण लिंबाखालच्या ओट्यावर बसलो, तुम्ही मांडीवर माझी पुस्तिका ठेवली, तिच्यावर फॉर्म, आणि आपणच टाइप केलेलं एकेक अक्षर खरवडून काढायला लागलात. क्लासात कुणी खाडाखोड केली तर तुम्ही कागद फाडून नवा द्यायचात. ब्लेड हातात घेणारा टायपिस्ट न्हाई, न्हावी, असं म्हणायचात. तेच तुम्ही. कोपऱ्यानं हलकेच टिपायचं, फुंकर मारायची, मग नखाच्या पाठीनं घोटून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. एक ओळ साफ झाली की फॉर्म माझ्याकडं, मी लिहायचं, पुन्हा तुमच्याकडं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुम्ही म्हणत होतात, "दाबून लिहू नको माय, कागद हळवा झालाय. सावकाश. येळ हाय." वेळ नव्हताच. वडिलांच्या व्यवसायाची ओळ आली. तिथं तुम्ही संस्थेचं नाव, स्थापना, सगळं ओळभर टाइप केलं होतं. ते खरवडायला तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला. मी विचारलं, इथं काय लिहू? म्हणालात, "लई लांब हाय ते. नुसतं टायपिंग लिही." मी तेवढंच लिहिलं.

पाचला दहा कमी असताना आपण पुन्हा खिडकीशी गेलो. त्या बाईंनी पान उजेडाला धरलं, त्यावरून बोट फिरवलं. "खरवडलंय ना?" मला वाटलं, संपलं. तुम्ही "हाव" म्हणालात. खोटं बोलायला काय झालं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आजही कधीकधी वाटतं. त्यांनी तुमच्या हातांकडं बघितलं. नखं काळी झाली होती, अंगठ्याला बारीक चिरा पडल्या होत्या. मग म्हणाल्या, "मला खाडाखोड दिसत नाही. दिसली असती तर घेतला नसता." आणि शिक्का मारला. पंधरा दिवसांनी यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. घर सोडून नांदेडला राहिले, शिकले, पुढं इथं लातूरलाच शिकवायला लागले. तुम्ही मात्र येईल त्याला ती गोष्ट सांगायचात, पोरीचा अर्ज म्या अर्ध्या ब्लेडनं कोरून दिला. रांगेत मी काय बोलले ते त्या गोष्टीत कधी नसायचं. मीही त्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती, आता मागते.

क्लास आणखी सहा-सात वर्षं चालला. अकराची पाच मशीन झाली, पाचाची दोन, मग ती दोन तुम्ही माळ्यावर चढवलीत. मी घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा तुम्ही त्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबायचात, आत यायचा नाहीत. चहाला हाक मारायची तर तीही तिथूनच. सगळे म्हणायचे, अप्पांचा त्या मशीनवर राग आहे, त्यांचा धंदा खाल्ला ना. काका म्हणायचे, आई म्हणायची, मीही म्हणायचे. सासरी सांगितलं, कॉलेजात सांगितलं, लोक हसायचे. दोनशे-तीनशे पोरांना मी आजवर कॉम्प्युटरवर बसवलं असेल, काहींची बोटं धरून. कालच्या त्या बाईलाही मी हेच सांगणार होते. रांग होती म्हणून वाचले. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही म्हणून खरं काय ते लिहिते.

त्या दिवशी परतताना एसटीत गर्दी होती. तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत. मी तुमच्याकडं पाठ करून डोळे मिटले. माझा राग गेला नव्हता. यादी लागेपर्यंत जाणारही नव्हता. लोहा मागं पडल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "झोपलीस का गं माय?" मी हलले नाही. मग इतक्या हळू बोललात की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल. "तू शिकून आलीस की मला बी शिकवशील का ते? बोटं तयार हायत माझी." तुम्ही उत्तराची वाट बघितलीत, मला कळत होतं. उद्या बोलू, असं वाटलं मला. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि मी कधी तो विषय काढला नाही. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तुम्ही माझ्या खांद्याला हात लावलात आणि मी डोळे चोळत उठले. मला झोप लागलीच नव्हती, अप्पा.