पूल पाण्याखाली होता

बाबा, परवा मी हेलिकॉप्टरमध्ये बसले. वडनेरच्या पलीकडे ज्या गावात मी नर्स आहे, त्याला पुरानं वेढलं होतं, आणि सकाळी उपकेंद्रात बाळंत झालेल्या पोरीचं रक्त काही केल्या थांबेना. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, पोट चोळत राहिले. तरी तिचे ओठ पांढरे पडत चालले. रक्त चढवायची सोय शहरात, आणि मधल्या नाल्यावरचा पूल पाण्याखाली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "पुरातल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर आलंय, तेच मागवतो. तोवर हात काढू नका."

तिच्या पोटावर हात दाबून बसले होते, आणि मला तुम्ही दिसत होता. मी बारा वर्षांची, तुम्ही दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर. अशाच एका बाळंतिणीला घेऊन निघालात, पुलावरचं पाणी पाहून थांबलात, आणि पाणी उतरेपर्यंत ती गाडीतच गेली. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला आहात, आई ताट वाढते आहे, आणि मी विचारते, "बाबा, काऊन नाई टाकली गाडी पाण्यात? भ्याले काय तुमी?" आई हात उगारते. तुम्ही तिला अडवता. "बोलू दे तिले. भ्यालोच मी. गाडीत तिची माय बी होती, सासू बी होती." मग ताट सरकवून उठलात. तुम्ही होतात तोवर मी कधी माफी मागितली नाही.

हेलिकॉप्टर शाळेच्या पटांगणात उतरलं. आम्ही तिला खाटेवरून नेलं. बाळाला छातीशी धरून तिची सासू ओरडली, "सिस्टर, तुमी संगं जा! एकटी नोका सोडू तिले!" "मले नाई जमत," मी म्हणाले, पण त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. आत बसल्यावर एकदाच खाली पाहिलं. पूल दिसलाच नाही, नुसतं गढूळ पाणी. वीसेक मिनिटांत आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो. लगेच रक्त चढवलं, ऑपरेशन झालं. थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. काल पाणी उतरल्यावर सासू बाळाला घेऊन तिथे आली, आणि पोरीनं त्याला पाजलं.

गावात सगळे म्हणतात, सिस्टरनं मोठी हिंमत केली. मी मान हलवते. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते: खाटेवरच्या त्या पोरीनं माझी बाही घट्ट धरली नसती, तर मी खालीच राहिले असते.