हात कुणावर उठतो

गुहागर, १२ जानेवारी २००७

प्रिय उझमा,

अस्सलामु अलैकुम. वि. वि. अम्मी बऱ्या आहेत, तुझी खुशाली कळव. फोन करणार होते, पण मोबाईल तुझ्या भाईंच्या खिशात असतो, म्हणून पत्र.

गेल्या जुम्म्याला बंदरावर वाईट झालं. जाळं फाटलं म्हणून तुझ्या भाईंनी आपल्याच होडीवरच्या धाकूला वल्ह्याने मारलं. जबडा मोडला. तो आडवा झाला तरी हे थांबेनात. चौघांनी ओढून बाजूला केलं, तेव्हा वल्ह्याला दात चिकटलेला होता. कुवेतहून परतल्यापासून हे असंच चाललंय. अम्मी म्हणतात, ह्याचे अब्बाही असेच होते, ह्या घरच्या पुरुषांचं रक्तच तापट.

तू बेंगलोरला प्रयोगशाळेत माश्यांच्या झुंजी लावतेस ना? शेजारणींना मी सांगते, माझी नणंद माश्यांचा आखाडा चालवते. हसतात मेल्या. पण खरंच सांग, मारामारी रक्तातून येते का?

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. ह्या भाभीला विसरू नकोस.

तुझी तस्नीम


बेंगलोर, २० जानेवारी २००७

प्रिय भाभी,

अस्सलामु अलैकुम. पत्र वाचून जेवण गेलं नाही. धाकूने मला लहानपणी खांद्यावर बसवून होडी दाखवली होती.

माझ्या माश्या म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं. दोन नर खाण्यापाशी सोडले की मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांवर कोसळतात, धरून फेकतात, पंख फाटेपर्यंत. माद्या डोक्याने ढुशा देतात आणि भांडण मिटवतात. नवल हे, की यामागचं जनुक दोघांत एकच! पेशी आधी जनुकाची लांब नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. मग तिच्यातले काही तुकडे कापून टाकते, उरलेले जोडते. मादीत एक प्रथिन त्या नकलेवर जाऊन बसतं आणि कापायची जागा पुढे नेतं. नरात ते प्रथिन नसतं, म्हणून अलीकडेच कापलं जातं. मजकूर एक, हुकूम दोन. मादीत मुद्दाम नराची कापणी घडवली, तर तीही नरासारखी तुटून पडते. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण ही माशीची गोष्ट झाली. अशी कापाकापी आपल्याही पेशींत सतत चालते, मेंदूत तर फारच. तरी एखाद्या कापणीमुळे माणूस माणसाला मारतो, असं कुणालाही सापडलेलं नाही. आणि हरलेली माशीसुद्धा शिकते, पुढच्या खेपेला मागे सरते.

भाभी, आपल्या घरात तुझ्याइतकं सुरेख अक्षर कुणाचंच नाही. ते वाकडं का झालं? खरं लिही. अम्मीला सलाम, तुला खूप माया.

उझमा


गुहागर, ३ फेब्रुवारी २००७

प्रिय उझमा,

अस्सलामु अलैकुम. हे पत्र शेजारच्या जनीच्या हातून टाकतेय. उत्तर तिच्याच पत्त्यावर धाड.

विचारलंस म्हणून लिहिते. माझी दोन बोटं तुझ्या भाईंनी दारात चिरडली. कालवणात मीठ कमी होतं. कळलं तसे माझे अब्बा हेदवीहून आले आणि त्यांनी जमातीची माणसं आपल्या पडवीत बसवली. तुझं पत्र पोस्टमनने तुझ्या भाईंच्याच हातात दिलं होतं. त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, माश्यांपर्यंतच; उरलेलं मी मागाहून चोरून वाचलं. म्हणाले, माझी बहीण एवढी शिकलेली, तीच लिहिते की पुरुषाचा जन्मच असा, मग माझा काय गुन्हा? म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मला सांगितलं, बेटी, सबर कर.

माणसं गेली, अब्बा गेले, आणि ह्यांनी मला केस धरून विहिरीपर्यंत फरफटत नेलं. चिऱ्याच्या कठड्यावर डोकं आपटलं, लाथा मारल्या. अम्मी पायरीवर बसून बघत होत्या.

तुझ्यावर राग नाही गं. पण आता मला भीती वाटते. जमेल तशी दुआ कर.

तस्नीम


बेंगलोर, १० फेब्रुवारी २००७

अनसभाई,

सलाम. माझं पत्र तू जमातीत अर्धंच वाचलंस. उरलेलं आता ऐक.

भाभीच्या अब्बांना मी फोन केलाय. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा ती हेदवीला असेल.

माझ्या माश्या समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात. तू तसा नाहीस. कुवेतमध्ये मुकादमाने तुला चारचौघांत थोबाडीत दिली, पासपोर्ट दाबून ठेवला. तू मान खाली घालून उभा राहिलास, हे तूच अम्मीला सांगितलंस. तिथे तुझा हात उठला नाही. धाकूवर उठला, कारण त्याचं पोट तुझ्या होडीवर आहे. भाभीवर उठला, कारण ती तुझ्या घरात आहे. कुणाला मारायचं आणि कुणाला नाही हे ज्या हाताला नेमकं कळतं, त्याने रक्ताचं नाव घेऊ नये.

हेच मी जमातीलाही लिहिलंय. तू बदललास तर बहीण आहेच.

उझमा


गुहागर, १ मार्च २००७

प्रिय उझमा,

अस्सलामु अलैकुम. घाबरू नकोस, अम्मींचा जीव वाचलाय.

तुझं पत्र वाचून तुझे भाई वल्हं घेऊन हेदवीला माझ्या मागावर निघाले. अम्मी दारात आडव्या उभ्या राहिल्या. पहिला तडाखा खांद्यावर बसला, हाड मोडलं. दुसरा कानाखाली. त्या रक्ताने न्हाल्या, पण चौकट सोडली नाही. जनीने आरडाओरडा केला, बंदरावरचे खलाशी धावले आणि त्यांनी ह्यांना पोलीस येईपर्यंत बांधूनच ठेवलं.

दवाखान्यात हवालदाराने अम्मींना विचारलं, लेक आहे तुमचा, पडलात असं लिहू का? अम्मी म्हणाल्या, मारलंय असं लिही, आणि त्याचं नाव नीट लिही. कळताच मी हेदवीहून आले होते, पलंगाशीच होते. मला रडू आवरेना, त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

काल जमातीची माणसं आली. म्हणाली, केस मागे घ्या, पोराला घरी आणू या, शेवटी तुमचंच रक्त. अम्मींनी त्यांना चहा दिला. मग सांगितलं, ज्याला तो हवा त्याने खुशाल जामीन द्यावा आणि आपल्या घरी न्यावा, तुमच्याही घरात लेकीसुना आहेत. कोण नेतो, बोला.

चहा तसाच ठेवून एकेक जण उठला.

सुट्टी मिळाली की ये. आम्ही दोघी वाट बघतोय.

तुझी तस्नीम