खरवडलेली पिवळी रेघ

४ ऑक्टोबर, शनिवार

मुक्ता, आधी तारीख घाल. कालही विसरलीस, परवाही. मला ही वही वाचता येत नाही, वाचणार तूच, आणि पुढच्या वर्षी मलाच विचारशील, "आजी, हे मी कधी लिहिलं गं?" चष्मा कपाळावर आहे तुझा. हं, लिही.

आज माझ्या लेकाबरोबर, दत्ताबरोबर, जीपमधून देवळाली कॅम्प, दातांच्या डॉक्टरकडे. कवळी सैल झालीय. गाडी पन्नासच्या पुढे गेली की सीट थरथरायची आणि तोंडात कवळी टकटक वाजायची. चाळीसवर आली की गप्प. दत्ता म्हणाला, "परवा उस्मानचाचांनी मागची चाकं फिरवणारा शाफ्ट बसवला, तेव्हापासून आहे हे." मी म्हटलं, रस्ता खराब असेल.

रस्ता चांगला होता.

६ ऑक्टो., सोमवार. कोजागरी

दत्ताने सातपूरला चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. थरथर आहे तिथेच.

संध्याकाळी उस्मान आला. ही जीप आमच्याकडे आली तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. दूध प्याला, पण तोंड उतरलेलं. म्हणाला, "मावशी, शाफ्टचे दोन भाग, दांडा आणि त्याच्यावर चढणारी बाही. सुटे करायच्या आधी मी दोन्हींवर पिवळी रेघ मारतो. जोडताना रेघेला रेघ, नायतर गाडी थरथरते. बसवायला आलो तर रेघच नाही. अंदाजाने बसवला. मारायलाच विसरलो असणार."

आणि मी काय बोलले? "बदाम खा उस्मान. रात्री भिजत घालत जा."

सगळे हसले. तोही हसला.

७ ऑक्टो., मंगळवार

दाराला कडी लाव. हे कुणाला वाचून दाखवायचं नाही.

खंडेनवमीला तो शाफ्ट आपल्या शेडमध्ये दोन तुकडे होऊन पडला होता. आतला क्रॉस, म्हणजे सांध्याचा तुकडा, झिजलेला, नवा यायचा होता. मी पूजेला विळे, कोयते, फवारणीचा पंप मांडला. म्हटलं, हेही लोखंडच, याने काय घोडं मारलंय? पण ग्रीसने काळाकुट्ट. असा कसा देवापुढे ठेवायचा? आधी रॉकेल, मग राख, मग तारेची घासणी. दोन्ही तुकड्यांवर एकेक पिवळा डाग होता, तो काही निघेना. सुरीने खरवडला. मग हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. नवरीसारखा दिसत होता मेला.

लिहिलेल्या कागदाला पाय लागला तर मी तो कपाळाला लावते. तुझ्या वह्यांवर साधी धूळ झटकायची तरी तुला विचारते. आणि उस्मानने लिहिलेलं सुरीने खरवडून काढलं. लोखंडावर पण लिहितात, हे मला कुठे ठाऊक?

कांदा चिरत होते म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं लिही.

(कांदा नव्हता. — मुक्ता)

९ ऑक्टो., गुरुवार

काल सांगणार होते. काल पाहुणे होते. म्हणजे पाहुणे दहा मिनिटं होते.

आज सकाळी उस्मानने मागचा शाफ्ट पुरता काढून ठेवला आणि गिअरशेजारची ती छोटी दांडी ओढली. पावसात मळ्याच्या चिखलात चारही चाकं ओढायला लागतात तेव्हा ओढतो ती. आता मागे शाफ्टच नाही, म्हणजे गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर. "बसा मावशी, तुमच्या कवळीसारखं मीटर बाजारात नाय मिळत."

पेठ रोडला साठपर्यंत नेली. कवळी गप्प.

"म्हणजे मागचा शाफ्टच," उस्मान म्हणाला. परत आल्यावर त्याने तो पुन्हा चढवला, एक दात सरकवून. दांड्यावर बारीक दात असतात, त्यात बाही अडकते. परत पेठ रोड. टकटक. आणखी एक दात. टकटक. दुपारपर्यंत उस्मान तीनदा गाडीखाली गेला, तीनदा वर आला. एका दाताचा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून तर रेघ मारायची.

दत्ता चिडून नाही बोलला, तेच वाईट झालं. हळूच म्हणाला, "राहू द्या चाचा, आता वय झालं. सोमवारी सातपूरला नवा शाफ्ट टाकून घेतो."

उस्मान हात पुसत होता, पुसतच राहिला. "बरोबर आहे दत्ता. आज रेघ विसरलो, उद्या ब्रेकचा नट विसरलो तर? कुणाची लेकरं असतील गाडीत. बस झालं आता."

कवळी गप्प होती. मी पण.

११ ऑक्टो., शनिवार

दत्ता जेवताना म्हणाला, चाचांच्या गॅरेजला दोन दिवस कुलूप आहे. भाकरी ताटात तशीच ठेवून मी उठले.

तू उस्मानला फोन लावून दिलास. सांगितलं सगळं. राख, घासणी, सुरी.

मग, "मावशी, म्हणजे मी रेघ मारली होती?"

"दोन मारल्या होत्या."

"पक्कं?"

"अरे, मी खरवडल्या, मलाच विचारतोस?"

मग नाक ओढल्याचा आवाज.

"कांदा चिरतोयस का रे?"

"हां मावशी," म्हणाला. "लय तिखट आहे."

रागावला नाही. रागावला असता तर मी जेवले असते. त्याने एकच विचारलं, रेघा कुठे होत्या ते आठवतं का. मला अक्षर येत नाही, पण खुणा मी विसरत नाही. बाहीवर ग्रीस भरतात त्या टोपणाला लागून, कुंकू तिथेच लावलं होतं. दांड्यावर वेल्डिंगचा टाका आहे, त्याच्या डावीकडे बोटभर. म्हणाला, सोमवारी सकाळी येतो, दत्ता सातपूरला निघायच्या आत. "दत्ताला मी नाय सांगणार. ते तुमचं."

१२ ऑक्टो., रविवार

डावीकडे. का उजवीकडे?

सकाळपासून तेच. शेडमध्ये पाट टाकून बसले होते, तोंड तुळशीकडे. दांडा मांडीवर... का पुढ्यात? मध्ये एकदा उलटा केला होता, खालून घासायला. मग टाक्याची डावी बाजू कुठली? परत फोन केला. म्हणाला, "दोन्हीकडे करून बघू मावशी, त्यात काय." त्यात काय! दोन्हीकडे टकटक वाजली तर दत्ता नवा शाफ्ट टाकेल, आणि उस्मानला वाटेल, म्हातारी आपलं मन राखायला खोटं बोलली.

दत्ताला अजून सांगितलेलं नाही. उद्या उस्मानसमोरच सांगेन. पुसशील ते, मुक्ता? नको. राहू दे. मग मला माघार घेता यायची नाही.

तुझी आई करंज्या तळतेय. पहिल्या घाण्यातल्या उस्मानच्या घरी आजच देऊन ये, आणि डबाभर तिखट शेव. बदाम मात्र एकही पाठवू नकोस. ते वाटीत भिजत घाल आणि माझ्या उशाशी आणून ठेव.